आवडीचं दुखणं

४ फेब्रुवारी १९८२

सगळं मुसळ केरात! मी विषय घेतला नवरे मुंबईला असलेल्या बायकांच्या आरोग्याचा, आणि गिरण्यांचा संप लागला तसे नवरेच घरी यायला लागले. आज सकाळच्या एसटीतून चौघे उतरले. वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, दाढ्या वाढलेल्या. मार्गदर्शक मॅडमना काय कळवू? अभ्यासातल्या बायकांचे धनी परत आले, आता विषय बदलू का?

वाडी उमरठच्या वरच्या अंगाला. मी मात्र खाली राहते, नर्स सुंदराबाईंच्या खोलीत. वाडीत ओटीवर बसवतात, चहा देतात. 'महाडला कुठल्या आळीत घर?' म्हणून विचारतात. उत्तर ऐकलं की राहण्याचं बोलणं तिथंच थांबतं. एम.फिल.पर्यंत पोचले, पण आळी काही सुटली नाही!

९ फेब्रुवारी

आवडी बोलली. इतके दिवस नुसती मान हलवायची.

तेवीस-चोवीसची असेल. नवरा हैबती परळच्या गिरणीत, शिमग्याला आणि दिवाळीला घरी येतो. घरात ती आणि सासू ठमाबाई, दोघीच. दोन पोरं गेली – एक मेलेलंच जन्मलं, दुसरं काही दिवसांचं होऊन गेलं. आता चौथा महिना आहे. वाडीत कुजबुज चालते, हिच्या हातून देवाचं काहीतरी राहिलंय. हेही गेलं तर हैबतीला दुसरी करणार. ठमाबाई हे तिच्यादेखतच बोलते.

आज आम्ही दोघीच होतो, पऱ्ह्यावर. ती ओढ्याच्या पाण्यात धुणं धूत होती. खाली बघत म्हणाली, 'लग्नाच्या दुसऱ्या साली, हे येऊन गेले नि मग मला खाली जखम झाली ताई. दुखत नव्हती. आपसूक गेली. दाखवू कुणाला? दवाखान्यात बाप्या डॉक्टर.' आणि मग धुणं आपटायला लागली, जोरजोरात.

मला सिफिलिस वाटलं, ते सुंदराबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. 'गरमी असणार,' म्हणाल्या. एवढंच. मग खडे बाजूला टाकत – 'तू चार महिन्यांनी जाशील गं. मला इथंच नोकरी करायचीय.'

१२ फेब्रुवारी

आवडीला महाडला घेऊन गेले. ठमाबाईला सांगितलं, पोटातलं पोर नीट आहे का ते बघून आणते. खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

रक्त काढताना आवडीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलेत.

१९ फेब्रुवारी

गरमीच.

डॉक्टर सगळं माझ्याशीच बोलले. ती शेजारी बसलेली, जसं तिचं काही नव्हतंच! 'इंजेक्शनं आत्ताच सुरू केली तर मूल वाचू शकतं. पण नवऱ्यालाही आणा. नाहीतर हिला पुन्हा लागण होणार.'

बाहेर आल्यावर मी तिला सगळं समजावून सांगितलं. रोग कुठून आला, कसा आला. ती रडेल वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, 'पोर जगंल?'

'जगेल,' मी म्हणाले.

डॉक्टर 'वाचू शकतं' म्हणाले होते.

मग माझ्याकडून वचन घेतलं, वाडीत कुणाला सांगायचं नाही. हैबतीला तर नाहीच. 'माझं मी बघीन, ताई.'

२४ फेब्रुवारी

माझ्या पत्राला मॅडमचं कार्ड. अभ्यासकाने निरीक्षण करावं, लोकांच्या आयुष्यात हस्तक्षेप करू नये. त्यांचंही चुकत नाही. बाहेरून येणारे ढवळून जातात आणि गाळ गावातल्या बायकांच्या वाट्याला येतो, हे त्यांनीच शिकवलं आम्हाला.

पण पोर मरताना बघत बसायचं, त्याला निरीक्षण म्हणायचं का?

२७ फेब्रुवारी

हैबती आला. मला वाटलं होतं कोणी आडदांड, दारुडा असेल. तर हा किडकिडीत, खोकणारा, हळू बोलणारा माणूस! आईच्या पाया पडला. आवडीसाठी हिरव्या बांगड्या आणल्यात. संप महिनाभरात मिटेल म्हणतो.

आवडीची दुसरी सुई झाली. पोटाचं निमित्त करून ती सासूजवळ निजते. 'किती दिवस असं?' विचारलं तर नुसती हसली.

३ मार्च

वचन मोडावं का? दिवसभर हाच विचार. मोडलं नाही.

१० मार्च

काल वाडीवर होम लागला. आज धुळवड. आजच हे व्हायचं होतं!

महाडच्या दवाखान्यात आवडीला कुणीतरी बघितलं, आणि ती कसल्या सुया घेते तेही कळलं. गोष्ट बायकांमधून फिरत ठमाबाईपर्यंत आली. मी पोचले तेव्हा अंगणात गर्दी होती. पाव्हणे, पोरंबाळं, रंग लावलेली तोंडं. आवडी तुळशीपाशी उभी. ठमाबाईचा आवाज खालपर्यंत येत होता –

'धनी मुंबईला नि हिला गरमी! कुठनं आणलीस गो? माझी नातवंडं खाल्लीस ती ह्याच पापानं ना?'

मग मी दिसले. 'नि ही! शिकलेली! हिनंच नादाला लावली!' आळीचा उद्धारही झाला. तो मला लागला नाही असं लिहिणार होते. लागला.

पण मी आवडीकडे बघत होते आणि आवडी हैबतीकडे. हैबती ओटीवर बसलेला. एक शब्द बोलायचा होता त्याने. एक! 'माझ्यामुळं' एवढंच. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

आणि मी? बोलले का? तोंड उघडलंसुद्धा होतं. आवडीने मान हलवली – नको. मिटलं.

संध्याकाळी तिच्या भावाला निरोप गेला. तिला माहेरी धाडणार, पाचाडला.

११ मार्च

सुंदराबाई म्हणाल्या, 'तू पण महाडला जा आता. दगड पडायच्या आधी.' चहा करून दिला. बॅग त्यांनीच भरली.

१६ मार्च, महाड

एसटी स्टँडवर हैबती उभा. माझीच वाट बघत होता. जवळ आला, इकडे-तिकडे बघितलं. 'ताई, सुई घेतली की बीमारी खलास होते ना?'

चहाच्या टपरीमागे उभे राहून बोललो. म्हणजे तो बोलला. खोलीत वीसजण. पाळीपाळीने निजायचं. सहा-सहा महिने घर नाही. 'पहिल्यांदा दोस्तांनी नेलं. मग सवय झाली. नंतर अंगावर उठलं, तर एकाकडनं मलम घेतलं. वाटलं, गेलं.' डोळे पुसले. 'माझी पोरं त्यानंच गेली का?'

'हो.'

त्याने खांब धरला.

'सुया घेतो मी,' म्हणाला. 'सगळ्या घेतो. पण आईला नाय सांगायचं.'

'आणि आवडीवर आळ आलाय तो?'

'ती सोसंल. तिला सवय हाय.'

थोबाडीत मारावीशी वाटली! मारली नाही. दवाखान्यात घेऊन गेले. सुई टोचताना लहान पोरासारखं तोंड केलं त्याने, आणि मला त्याची दयाही आली. आली, तर आली. इथे कोण वाचतंय?

२ एप्रिल

पाचाडला जाऊन आले. आवडीची औषधं पुरी झाली, डॉक्टर समाधानी आहेत. पोट दिसायला लागलंय. भावजय घालून-पाडून बोलते, तरी जेवण देते.

हैबती सुया घेतोय, हे तिला सांगितलं. ऐकून घेतलं. आईला तो सांगणार नाही, तेही सांगितलं. तिने नांगरट झालेल्या शेताकडे बघितलं. 'पोर हललं ताई काल,' म्हणाली. 'बाकीचं राहू दे.'

कसं राहू दे?

९ एप्रिल

मॅडमना सगळं कळवलं. प्रबंधात काय येईल ते येवो. आवडीचं नाव येणार नाही, वाडीचं येणार नाही, हैबतीचं गप्प बसणं तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही. वाडीत पुन्हा पाय ठेवता येणार नाही, हे मात्र नक्की. अशा किती आवड्या असतील तिथे? आता त्यांना कोण विचारणार?

१८ एप्रिल

दुपारी दारात ठमाबाई!

एकटीच. उन्हाने तोंड लाल झालेलं. माझी आळी विचारत विचारत आली. मी उंबऱ्यातच थिजले. आता इथे येऊन शिव्या देणार? माझ्या आईनेच तिला आत घेतलं, पाटावर बसवलं.

तिने घाम पुसला. मग म्हणाली, 'आवडीच्या धाकट्याला मीच न्हाऊ घातलं व्हतं. तळहाताची सालं निघत व्हती गो त्याच्या. माझ्या पयल्या तिघांची बी तशीच निघायची. हैबती तेवढा मागनं जगला. माझी सासू मला अवदसा म्हनायची. मी बी तेच समजत आले.'

तळहात सोलणं ही गरमीच्या बाळाची खूण, डॉक्टर म्हणाले होते. आईने पदर तोंडाला लावला.

ठमाबाईने दंडावरची चोळी वर सारली, हात पुढे केला. 'माझं बी रगत बघायला सांग. मग पाचाडला जाते, सुनंला आणाय.'

'हैबतीने सांगितलं का तुम्हाला?' मी विचारलं.

'त्यो कशाला सांगतोय,' म्हणाली. 'त्याच्या बापानं तरी मला कुठं सांगितलं?'