नाव खोडलेलं बाड

३ मार्च
संकल्प. या महिन्यात चिडचिड नाही, धास्ती नाही, आणि मोठ्या सरांचं इतिहासाचं पुस्तक आपल्याच प्रकाशन कंपनीकडे. डायरेक्टर म्हणाले, काका, ३१ला रिटायर होताय, एवढं मिळवा, दोन वर्षं एक्स्टेंशन देतो. 'काका' म्हणतात म्हणजे जिव्हाळा आहे.

५ मार्च
सरांनी बाड दिलं. जन्माचं काम. त्यांनी मला तीनदा चहा विचारला, आधीचं विसरून, थकलेत. म्हणाले, आधी तुम्ही वाचा हो. मान डोलावली. मी कधीच वाचत नाही. वाचणारा संपादक बाडाच्या मोहात पडतो. शिवाय शिक्षण अर्धवट. विक्री खात्यातून इथवर आलो तो नुसत्या नजरेवर.

९ मार्च
आमचा नियम असा की बाड तज्ज्ञाकडे पाठवताना लेखकाचं नाव खोडायचं, म्हणजे वशिला चालत नाही. टेबलावर तीन बाडं. तिन्ही नावांवर स्वतः काळी शाई फिरवली. ज्युनिअर बाई म्हणाली, निदान नंबर तरी घाला. म्हटलं, बाई, माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे. सर्वांत जाडं बाड सर्वांत मोठ्या तज्ज्ञाला, म्हणजे मोठ्या सरांनाच धाडलं. तेवढाच त्यांना मान.

२१ मार्च
सरांचा रिपोर्ट आला. जहाल. लेखकाने माझीच व्याख्यानं उचलली आहेत, तीही शिळी झाल्यावर. हा माणूस संपला आहे, त्याला कुणीतरी थांबवा. वाचून बरं वाटलं. दुसऱ्याला बसलेली चपराक प्रकृतीला मानवते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मनात खुटखुट. परत आलेलं पहिलं पान उलटं करून खिडकीशी धरलं. शाईखाली सरांचंच नाव.

२२ मार्च
डायरेक्टरांना सांगावं तर म्हातारा गोंधळतो म्हणतील, एक्स्टेंशन गेलंच. बायको म्हणाली, अहो, सरांकडे जा आणि सरळ माफी मागा, त्यात काय मोठं. बायकांना धंदा कळत नाही. माझा बेत फक्कड आहे. नियमाप्रमाणे नकाराचं पत्र, सोबत बाड आणि तोच रिपोर्ट, खालची सही काढून. सर भडकतील, भांडायला येतील. मग मी मधे पडेन आणि पुस्तक छापून देईन. सर जन्मभर उपकार मानतील.

२५ मार्च
सर भडकले नाहीत अजून. पोस्टाचा काही भरवसा नाही.

२९ मार्च
सरांचा फोन. आवाज शांत. म्हणाले, ज्याने हे लिहिलं त्याला माझा नमस्कार कळवा. घरचे नुसते वा वा करतात, खरं बोलणारा हाच एक भेटला. घरातले होते नव्हते ते सगळे कागद सकाळी रद्दीत घातले म्हणे. मी घाईने म्हटलं, सर, दुरुस्तीला वाव आहे. म्हणाले, नको, तो माणूस विद्वान दिसतो. मग विचारलं, तुम्ही स्वतः वाचलंत ना? हो म्हटलं. तुमचंही मत तेच? आता वाचलंय म्हटल्यावर काय बोलणार. तेच म्हटलं. मग थँक्यू म्हणाले.

३१ मार्च
डायरेक्टरांना सांगितलं, सरांच्या पुस्तकात दर्जा नव्हता. म्हणाले, काका, तुमचा निःपक्षपातीपणा या ऑफिसात कायम आठवत राहील. आणि पुष्पगुच्छ दिला. मी खुर्चीत असतानाच ज्युनिअर बाई माझे खण रिकामे करायला लागली.
घरी बायकोने विचारलं, उद्या डबा करायचा का? कर म्हटलं. बागेत एक बाक आहे, दुपारी त्यावर सावली असते.