पांढरा घेर

शिरूर

प्रिय अंकिता,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. नुसतं नाव लिहून पाहिलं, तर पत्र नोटिशीसारखं दिसायला लागलं. फोन केला असता, पण उचललास तरी फोनवर तू 'हो ना गं, खरंच गं' करत निसटतेस आणि शेवटी मीच तुझी समजूत काढत बसते. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

आमच्याकडे सगळे धड आहेत. आमच्या भाऊरायाला, सुमितला, शिक्रापूरला कंपनीत काम लागलं, तिथंच दोघातिघांत खोली घेऊन राहतो. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज करते. आई माझ्याशी बोलते, वाढते, आजारी पडले की कपाळाला हात लावून बघते. पण मी बाजारात निघाले की चपला घालून तीही निघते. फोन वाजला की तिचे हात थांबतात. घरात मी चोर ठरले ते ठरलेच, आणि चोरी काय केली म्हणशील तर शून्य. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आईला माहीत नाही. मला माझी आई पहिल्यासारखी परत हवी आहे. बाकी तुझ्याकडून मला काही नको.

दौंडला मामाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहून शिवणक्लास केला ते दिवस तुला आठवत असतील. तू समोरच्या क्वार्टरमधली, क्लासला माझ्या शेजारी बसायचीस आणि तुझी बाही कायम उलटी लागायची. मी ती उसवायची, मीच परत जोडायची, आणि बाई तुझ्या हाताचं कौतुक करायच्या. तेव्हाच मी फोनवर ते जपानी कपडे पाहिले. घंटेसारखा फुगलेला गुडघ्यापर्यंतचा घेर, गळ्याशी बारीक चुण्या, फुग्याच्या बाह्या, झालरीवर झालर. लोलिता फॅशन म्हणतात त्याला. नाव ऐकून लोक भलतंच समजतात, कपडा मात्र मानेपासून पायमोज्यापर्यंत अंग झाकणारा. तू हसलीस, म्हणालीस, 'बाहुलीचा फ्रॉक गं हा.' असेल. पण बाहुलीला कपडा दुसरं कोणीतरी घालतं. हा मी मला घालणार होते, माझ्या हातानं शिवून, कोणी बघायला येणार म्हणून नाही की कोणाचं लग्न आहे म्हणून नाही.

पहिला स्कर्ट कटपीसच्या छापील सुती कापडाचा केला. घेर काही केल्या उभा राहीना. मग लग्नाच्या घागऱ्यात घालतात ती कडक जाळी आणून तिचे थर एकावर एक लावून आतला परकर शिवला, आणि तो घालून गिरकी घेतली तर मामीच्या ओट्यावरचं कपबशीचं ताट खाली. शिरूरला घरी गेले की आईचं मशीन दुपारी मोकळं मिळायचं. ती विचारायची, हे कुणाचं? मी म्हणायची, क्लासचं. आईचा जन्म लोकांचे ब्लाउज शिवण्यात गेला. दुसऱ्याच्या मापाचं शिवलं तर ते काम, स्वतःच्या हौसेचं शिवलं तर ते थेर, असा तिचा सरळ हिशोब. सुमितला एकदा झालर दिसली तर म्हणाला, 'काय गं, कुणाचा वाढदिवस हाय का बारसं?' त्यालाही हसून दाखवलं. लोक हसतात त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मग तो पांढरा ड्रेस. मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. छातीवर केसाएवढ्या चुण्या, मनगटाला लेस, डोक्याला बांधायची झालरीची टोपी, हनुवटीखाली फीत. त्याचे फोटो कुठे काढायचे हे तूच ठरवलंस. कॉलनीतल्या चर्चच्या भिंतीशी, त्या टोकदार खिडक्यांपुढे, म्हणालीस, अगदी परदेशातलं वाटेल. मी येडी खूश झाले. तिथं गेल्यावर कळलं की रूबेन आधीच येऊन उभा आहे. गार्डसाहेबांचा मुलगा, चर्चमध्ये गिटार वाजवणारा. तुम्हा दोघांना भेटायला निमित्त हवं होतं आणि ते निमित्त मी माझ्या हातानं शिवून अंगावर घालून आले होते. तरी मला राग नाही आला. उलट मजा वाटली. तू म्हणालीस, पप्पांना कळलं तर मला उभी चिरतील, शपथ घे. मी घेतली. मग तू आम्हा दोघांचाही एक फोटो काढलास, मी ड्रेसमध्ये आणि तो माझ्या डोक्यावर छत्री धरून. उन्हात सावली चांगली पडते म्हणून.

आईला ड्रेस माझ्या पेटीत सापडला, गोधडी काढताना. तुला हे कधी नीट सांगता आलं नाही, आता वाच. आमच्यात, बौद्ध लग्नात, नवरी पांढरी साडी नेसून उभी राहते. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात तूही हौसेनं पांढरी नेसली होतीस. त्यामुळे पांढरं, नवंकोरं, लपवून ठेवलेलं, एवढ्यावरून आईच्या मनात एकच शब्द आला. त्यात लेस, त्यात डोक्याला बांधायचं ते. आमच्या लग्नात असलं काही नसतं, मग ते कुठल्या लग्नात असतं हे तिला दौंडला मामाकडे जाऊन-येऊन ठाऊक होतं. फोन मागितला. फोटोत चर्च, मी, आणि छत्री धरलेला मुलगा. आई खाली बसली. म्हणाली, 'आपल्यात पांढरं म्हंजी लगीन. कवा ठरवलंस?'

मी म्हटलं, हौसेचा कपडा आहे, मुलगा माझा कोणी नाही. 'मग कुणाचा हाय?' तिनं विचारलं. तिथं तुझं नाव घ्यायला हवं होतं. तुझी शपथ होती. आई म्हणाली, अंकिताला विचारते. मला हायसं वाटलं गं! वाटलं, आता सुटले, अंकू काहीतरी सांगून निभावून नेईल. आईनं स्पीकर लावला. तू म्हणालीस, 'काकू, मला यातलं काही माहीत नाही. तुम्ही गौतमीलाच विचारा.' किती गोड आवाजात. खोटं बोललीस असंही कोणी म्हणणार नाही, सापही मेला आणि काठीही नाही मोडली. त्यानंतर तू माझा फोन उचलला नाहीस. दोन दिवाळ्या गेल्या. मामाची बदली भुसावळला झाली, दौंडमध्ये खरं-खोटं बघायला आमचं कोणी उरलं नाही.

आईनं मला मारलं नाही. सुमित ड्रेस जाळायला निघाला तर तिनं त्याच्या हातून तो काढून घेतला. दाराशी उजेडात बसली आणि टीप न् टीप उसवत गेली. शिलाई बघायची, थांबायची, पुन्हा उसवायची. एकदा म्हणाली, 'हात चांगला हाय तुजा,' आणि रडली. त्या कापडाचे उशांचे अभ्रे झाले. मी अजून त्यावरच झोपते. पुण्याला तसे कपडे घालणाऱ्या मुली जमणार होत्या, मला बोलावलं होतं, ते राहिलं. मशीनला हात लावायची मुभा मिळाली ती गिऱ्हाइकाच्या कपड्यापुरती. माझ्या मापाचं मी त्यानंतर काही शिवलेलं नाही.

आणि गेल्या महिन्यात एसटीतून तुझं पार्सल आलं. पांढरं सॅटिन, लेस, तुझी मापं, आणि फोनवर लाडात येऊन बोललेला निरोप, की पप्पांनी शेवटी हो म्हटलं, रूबेनशी चर्चमध्येच लग्न आहे, गाऊन तुझ्याच हातचा हवा, जुनं सगळं विसर. मी शिवला. तुझ्यासाठी नाही. तसल्या कापडाला हात लावून दोन वर्षं झाली होती, राहवलं नाही. आईपासून लपवला नाही, उघड मशीनवर घेतला. तिनं तो पाहिला. दोन दिवसांनी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, 'चर्च तर चर्च. पोरगा अजून थांबलाय म्हंजी चांगला असंल. घेऊन ये त्याला जेवायला.' मी ओरडले, आई, हा अंकिताचा आहे, लग्न अंकिताचं आहे, मुलगा तिचा आहे, तेव्हाही तिचाच होता. आई हसली. माझ्या केसांवरून हात फिरवला, किती दिवसांनी. 'मग तवा का गप बसलीस? आता झाकू नको, बाई. मी न्हाई रागावत.' मी तुझा निरोप तिला ऐकवायला फोन काढला, तर तू तो पाठवून पुसून टाकला होतास. सवयच तुझी.

म्हणून हे पत्र. अंकिता, आईनं मला माफ केलंय, मी न केलेल्या गोष्टीसाठी, आणि ती इतकी आनंदात आहे की मला तिच्याकडे बघवत नाही. सुमितला तिनं फोन करून सांगितलं, शेजारी रंगुबाईला सांगितलं. रोज दुपारी ती तुझ्या गाऊनला हातानं तुरपाई घालत बसते. तू माझ्याहून वीतभर उंच. काल तिनं गाऊन माझ्या खांद्याला लावून पाहिला आणि म्हणाली, 'उंचीला जास्त केलास गं, मी बेतून देते.' मी सांगून ती ऐकत नाही, आणि तिच्या हातातून तो हिसकावून घेणं माझ्याच्यानं होणार नाही. पाठवूनही देणार नाही. गाऊन हवा असेल तर तू ये, रूबेनला घेऊन ये, आईसमोर बस आणि तो कोणाचा कोण ते तुझ्या तोंडानं सांग. मग तिच्या हातून तो काढून घे आणि तिचं तोंड कसं होतं ते बघ, मी एकटीनं का बघावं? रविवारच्या आत ये. रविवारी ती खालचं कापड कापणार आहे.

तुझीच, दुसऱ्या कोणाची असल्याचं आईला अजून पटत असलं तरी,
गौतमी