सात एकांची पैज

१२ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डोक्याचं ऑपरेशन झाल्यापासून लोक माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलतात. जणू डॉक्टरांनी कान काढून घेतलेत. परवा जिन्यात शेजारणीचं नाव आठवेना, ‘मॅडम’वर वेळ मारून नेली.

असो. संख्या मूळ आहे की नाही ते बिनचूक सांगायची आपली पैज मी जिंकलो! ११,११,१११ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, बाकी कशानंही भाग जात नाही. सगळं कागद-पेन्सिलीनं केलं. जन्मभर गणित शिकवलेलं डोकं अजून शाबूत आहे. तेव्हा ठरल्याप्रमाणे मी इथंच एकटा राहणार, आणि तू ‘माझ्याकडे राहायला ये’ हे पालुपद बंद करणार.

कळावे, राग नसावा.
तुझा धाकटा.

१७ जून
चि. मास्तरास,
अनेक आशीर्वाद.

हरले बाबा. राहा खुशाल. गोळ्या वेळेवर घेत जा, आणि जिन्यात कठडा धरून चाल. तुझ्यासाठी खिडकीजवळची खोली रिकामी केली होती, तिथं आता शिवणयंत्र ठेवीन.

ताईचा लोभ आहेच.

२३ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र हलवलं असशील तर परत काढ. मी गाढव आहे.

हजाराच्या थोडं पुढपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं होतं. मी २३३ पर्यंत गेलो, कंटाळलो, आणि इतकी हट्टी संख्या आता कुठली फुटतेय म्हणून निकाल लावला. मुलांनी असं केलं असतं तर वर्गाबाहेर उभं केलं असतं. काल मन खाऊ लागलं म्हणून पुढची घेतली, २३९. बाकी शून्य! २३९ गुणिले ४६४९. एक पाऊल आधी थांबलो गं.

हरलेला,
धाकटा.

२८ जून
चि. मास्तरास,
अनेक आशीर्वाद.

मला ठाऊक होतं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी लेकीनं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं. पण चुकलास म्हणून कळवायला हात धजेना. आधीच घाबरलेला आहेस, ते तुझ्या विनोदांतून दिसतं मला. आता स्वतःची चूक स्वतःच पकडलीस. म्हणजे डोकं ठीक आहे. पैज रद्द. कुठं राहायचं ते तुझं तू ठरव. मी रुसणार नाही.

ताईवर माया असू दे.

३ जुलै
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी दुपारी पोचतो. पैजेचं निमित्त सोड. बाकी शून्य आली तेव्हा मी आनंदानं खुर्चीतून उठून ओरडलो, “सापडली!” मग सांगायला म्हणून वळलो, तर घरात कुणीच नव्हतं.

तुझाच,
धाकटा.