शंभर मीटरवरून येणारा आवाज

३ नोव्हेंबर, मांडवगण
पाटाकडेच्या रस्त्यावर शंभर मीटर. आई लाकडी फळ्या वाजवते, मी सुटते, शेवटाला उभे आप्पा फळ्या वाजल्या की घड्याळ दाबतात, मी पोचले की पुन्हा. बापही तेच, कोचही तेच. आज ११.९! आप्पा म्हणाले, "दौंडची पूनम आता मागं ऱ्हाती बघ, मने." पूनम पुण्याच्या अकादमीत राहून १२.१ वर. रविवारी निवड चाचणी. पहिल्या दोघीच राज्याच्या संघात.

९ नोव्हें.
हरले. पूनम १२.१, पहिली. मी १२.३, चौथी. आप्पा फोनवर म्हणाले, "त्यांचं यंत्रच खोटं आसंल." मलाही तेच पटलं. लिहायला लाज वाटते.

१० नोव्हें.
काल येताना दौंडपर्यंत पूनम गाडीत सोबत. तिनं विचारलं, "आप्पा फळ्या बघून दाबतात, का आवाज ऐकून?"
"ऐकून."
"मग घड्याळ उशिरा सुरू होतं, टायमिंग कमीच येणार. शंभर मीटरवर आवाज उशिरा पोचतो गं."
तिनं हरवलं त्यापेक्षा हे समजावून सांगितलं, ते जास्त झोंबलं. अकादमीत एक जागा आहे. एक तारखेपर्यंत कळव म्हणाली.
पण आप्पा तर आधी बघूनच दाबायचे...

१२ नोव्हें.
आईला खोदून विचारलं. "आगं, तिथनं मी दिसतच न्हाई त्यांना. वरीस झालं, मोतीबिंदू हाय. तुला सांगू नगं म्हनले, कोच बदलशील म्हनून."
वर्षभर! खूप रडले. राग कुणावर काढायचा तेच कळेना.

१५ नोव्हें.
आज फळ्या वाजल्यावर मुद्दाम जरा थांबून सुटले. एकदा तरी खरं टायमिंग दिसू दे त्यांना. घड्याळ नाकाशी धरून कितीदा बघितलं त्यांनी. १२.४.
"पाय दुखतोय का गं?"
"न्हाई."
मग घड्याळच बिघडलं म्हणत बाहीनं पुसत बसले. असं करायला नको होतं मी.

३० नोव्हें.
आप्पांनी शिरूरवरून नवीन घड्याळ आणलं, मोठ्या आकड्यांचं. डोळे दाखवून आले असते तर. "वाजीव गं," लांबून आईला ओरडले. आई फळ्या उघड्या धरून माझ्याकडे बघत राहिली. मी खाली वाकलेच नाही. तशीच त्यांच्याकडे चालत निघाले, सगळं सांगायचंच म्हणून. चार पावलांवर पोचले, तरी त्यांचा अंगठा घड्याळावरच.
"कोन हाय?" म्हणाले.
पूनमला अजून कळवलेलं नाही.