सगळ्यात लहान पट्टी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, पण घातला आहे.) तुझा रक्तदाब, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या गच्चीची गळती ही तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण शाळेतला फोन मुख्याध्यापकांच्या टेबलावर असतो आणि घरच्या फोनवर तुझी भावजय असते. पाकीट दोनदा चिकटवलं आहे. कडेला डिंक ओला लागला तर वाटेत कुणीतरी उघडलं असं समज आणि वाचून झाल्यावर फाडून टाक.

तर गोष्ट अशी. महिन्यापूर्वी आमच्या शाळेत एक बाई आल्या. वय तिशीच्या आतलं, पाठीला पिशवी, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ आणि पायात आवाज न करणारे बूट. (आवाज न करणारे बूट माणूस कशासाठी घालतो, तूच सांग.) मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली की वर्गात काय केलं म्हणजे मुलांना खरंच समजतं यावर पुष्कळ संशोधन झालेलं आहे, ते कपाटात पडून राहतं, आणि ते शिक्षकांपर्यंत पोचवायला या आल्या आहेत. मी सत्तावीस वर्षं सातवीला अपूर्णांक शिकवतोय. माझ्यापर्यंत काही पोचायचं राहिलं असेल तर तो न मोडणारा खडू. पण त्याच दमात मुख्याध्यापक आणखी एक बोलले, आणि तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणाले, पुढल्या सत्रात सातवीचं गणित पुराव्याच्या आधारानं शिकवणाऱ्याकडे द्यावं म्हणतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या कपाटांची यादी करायला कुणीतरी अनुभवी माणूस हवाच आहे. ताई, आमच्या शिक्षकखोलीत 'अनुभवी' म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. सातवी गेली तर माझ्याकडे उरणार काचेच्या नळ्या. त्या प्रश्न विचारत नाहीत आणि त्यांना काही समजतही नाही.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळवाली माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर. मी प्रश्न विचारला की टक, उत्तर आलं की टक. मी काय वेडा आहे? मी वेळ किती वाया घालवतो ते मोजायला हिला बसवलंय, हे मी पहिल्याच तासाला ओळखलं. मग मीही कंबर कसली. असा सुटलो की विचारू नकोस. प्रश्न विचारायचा आणि पहिल्या बाकावरच्या चार पोपटांपैकी एकानं तोंड उघडलं तर ठीक, नाहीतर उत्तर मीच देऊन मोकळा. आठवड्याचा धडा दोन तासांत उडवला. मधल्या सुट्टीत बाई हात धुवायला गेल्या तेव्हा त्यांची वही माझ्या नजरेस पडली. (पडली म्हणजे मी ती उघडली.) त्यात माझ्यापुढे सरासरी ०.७ सेकंद असं होतं आणि भाषेच्या सरांपुढे १.४. म्हणजे दुप्पट! ते सर कवितेच्या एका ओळीवर अर्धा तास घालवतात हे मी आधीपासून सांगत होतो.

शनिवारी सगळ्या शिक्षकांची बैठक झाली. बाईंनी भिंतीवर तक्ता लावला. प्रत्येक शिक्षकाची एक रंगीत पट्टी, खाली नाव नाही, नुसता आकडा. कुणाला वाईट वाटू नये म्हणून नावं मुद्दाम गाळली आहेत, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं, माझं कौतुक दडपण्याचा हा कट आहे. मी उभा राहिलो, हात वर केला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं की सगळ्यात लहान पट्टी माझी. वर टाळीही वाजवली. टाळी एकट्याचीच होती. मग बाईंनी अगदी हळू आवाजात समजावलं की प्रश्न विचारल्यावर मुलाला विचार करायला शिक्षक किती वेळ देतो, त्याची ती पट्टी. साधारण तीन सेकंद तरी थांबलं तर एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात, असं संशोधन सांगतं. भाषेचे सर माझ्याकडे बघून एक कविता गुणगुणले. मुख्याध्यापकांनी मला सुधारायला पंधरा दिवस दिले, आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या कुठे असतात तेही दाखवून ठेवलं.

आता तू मला ओळखतेस. मी ठरवलं की हे संशोधन खोटं पाडायचं. रोज तीन सेकंद थांबायचं, काही होत नाही हे वहीत लिहायचं आणि ती वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटायची. ताई, तीन सेकंद केवढे असतात याची तुला कल्पना नाही. पहिल्या दिवशी प्रश्न विचारून थांबलो तर वर्गाला वाटलं सर उत्तर विसरले. एक पोपट पुस्तकाचं पान उघडून माझ्यापुढे धरायला आला, दुसऱ्यानं पाणी आणलं. घरी सराव करावा म्हणून हिला विचारलं, चहा घेणार का, आणि थांबलो. हिनं माझ्या कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबलो तेव्हा म्हणाली की संध्याकाळचा चहा तिला कधीच आवडत नव्हता, मी विचारतानाच कप भरतो म्हणून ती चोवीस वर्षं पीत आली. (चोवीस वर्षं! आणि मी संशय घेतो तो परक्या बाईवर.)

माझ्या वहीत सात दिवस 'काही झालं नाही' असं सुरेख अक्षरात लिहिलेलं आहे. आठव्या दिवशी फळ्यावर नेहमीसारखे दोन गोल काढले, एकाचा तिसरा हिस्सा रंगवला, दुसऱ्याचा चौथा, आणि विचारलं, कुठला मोठा आणि का? पोपट फडफडले, त्यांना मी डोळ्यांनी दाबलं. एक, दोन, तीन. चार. भिंतीकडेला एक मुलगी बसते. वर्षभरात ती 'हजर' याखेरीज एक शब्द बोललेली नाही, म्हणून शिक्षकखोलीत आम्ही तिलाच भिंत म्हणतो. (हे मला आता लिहितानाही लाज वाटते.) ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझी आई कपडे शिवते. कापड एकच असेल तर तिसरा हिस्सा मोठा. पण तुमचे गोल सारखे नाहीयेत. चौथ्याचा गोल मोठा काढलाय, म्हणून त्याचाच तुकडा मोठा दिसतोय."

मी मागे वळून पाहिलं. ताई, खरंच तसं होतं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तारीख आणि पटसंख्या लिहिलेली असते, त्यामुळे पहिल्या गोलाला जागा कमी पडते. सत्तावीस वर्षं मी पहिला गोल लहान काढत आलोय. सत्तावीस वर्षं मुलं समोर एक बघत होती आणि माझ्या तोंडून दुसरं ऐकत होती.

तरी संशय सुटला नाहीच. घड्याळवालीनं पढवलं असणार म्हणून तास संपल्यावर मुलीला बाजूला घेतलं आणि विचारलं, हे आधी का नाही बोललीस? मी थांबलो. माझ्या घड्याळात अकरा सेकंद झाले. मग म्हणाली, "मी सांगणारच असते सर, पण तेवढ्यात तुमचं उत्तर येतं." मी खिडकीकडे जाऊन उगाच नाक शिंकरलं.

काल मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि विचारलं, सातवी सोडायला तुमची काही हरकत नाही ना? एरवी मी अर्ध्या सेकंदात भांडून किल्ल्या हातात घेऊन बाहेर पडलो असतो. काल मनात सेकंद मोजत बसलो. दोनला त्यांनी कागद सरळ केले, तीनला पंख्याकडे पाहिलं, पाचला म्हणाले, तशी घाई नाही, वर्षभर राहू द्या तुमच्याकडेच. (हे संशोधन मुख्याध्यापकांवरही चालतं, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. तूही सांगू नकोस.)

भाऊजींना नमस्कार. कळावे, आणि शक्यतो दुसऱ्या कुणाला न कळावे.

तुझा धाकटा

ता. क. १ : मुख्याध्यापकांच्या टेबलावर घड्याळवालीचं शिफारसपत्र होतं. उलट्या बाजूनं वाचायला वेळ लागला, पण सही ओळखली. निवृत्त झालीस तरी शाळांच्या समित्यांवर तू बसतेस हे माहीत होतं. माझ्यावर माणूस सोडशील असं वाटलं नव्हतं.

ता. क. २ : मुद्द्याचं राहिलंच. बाई या महिनाअखेर जाणार आहेत. समितीला सांगून त्यांना आणखी एक सत्र इथेच ठेव. माझं नाव घेऊ नकोस. मी कडाडून विरोध केला असं म्हण. भाषेचे सर सध्या ३.४ वर आहेत आणि मी ३.२ वर, हे असं सोडून चालणार नाही.

ता. क. ३ : तू दर रविवारी फोन करतेस, 'कसा आहेस?' विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत 'बराच असशील, तिला फोन दे' म्हणतेस. मागच्या दोन रविवारी मी मोजलं. ०.४ सेकंद. सगळ्यात लहान पट्टी तुझी आहे, ताई. आई गेल्यापासून हा प्रश्न मला थांबून कुणी विचारलेला नाही. या रविवारी विचारलंस की तीनच सेकंद थांब. उत्तर आहे माझ्याकडे.