चौथ्या मुद्द्यातलं नाव

सोलापूर
३ मे २०२४

चि. इंद्रजीत,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत गुडघे सोडून ठीक आहे. ऊन बेचाळिसावर गेलंय, पाणी पाचव्या दिवशी आलं, तेही गढूळ. सूनबाई अपेक्षाला पुणे मानवलं का? तिला म्हणावं, आत्याचा लोणच्याचा डबा रिकामा तरी परत कर.

फोन केला की तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्राला तसं सांगता येत नाही, म्हणून पत्र.

सोमवारी तू कारखाने निरीक्षकांना द्यायचं निवेदन पाठवलंस. "नेहमीसारखं इंग्रजी तेवढं बघ." बरोबर आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आत्या घरात असताना बाहेर कशाला पैसे घालवायचे! तुझ्या कंपनीचं ते गुळगुळीत माहितीपुस्तकही मीच लिहिलं होतं. जुने टॉवेल, जुने कपडे फाडून त्यांचा पुन्हा धागा, धाग्याची चादर, आणि सगळं छतावरच्या उन्हावर चालणारं. 'इथे काहीच वाया जात नाही' हे वाक्य माझंच. तेव्हा फार आवडलं होतं मला.

आता वैराग रोडच्या त्या शेडचं छत खाली आलंय. मी जाऊन पाहिलं. तू नाही पाहिलंस, तू फोटो पाहिलेस.

आग कशी लागली ते सगळे सांगतात. कपड्यांची बटणं आणि चेन बायका हाताने कापून काढायच्या. एक चेन राहिली, यंत्राच्या दातात गेली, ठिणगी पडली, कापसाचा भुगा पेटला. दुपारी तीन वाजता. बंब वेळेवर आला. बंबवाल्यांनी विचारलं, छतावरची सौर वीज कुठून बंद होते? भर उन्हात ते सौर पत्रे वीज बनवतच राहतात, ती तोडल्याशिवाय पाणी कसं मारणार? उत्तर कोणालाच देता येईना. ते बटण कुठे आहे हे दाखवणारा नकाशा तुझ्या पाहुण्यांच्या खोलीत, काचेच्या फ्रेममध्ये, इंग्रजीत. त्यावरचं इंग्रजीही माझंच. बायकांना कोणी वाचून दाखवला नव्हता.

बाकीच्या पुढच्या दाराने निघाल्या. सोनम उत्तरेच्या टेबलाशी होती, मध्ये आग. ती मागच्या दाराकडे गेली.

सोनम म्हणजे आपल्या मायाक्काची सून. मायाक्का माझ्याकडे एकोणीस वर्षं भांडी घासते, लहानपणी तुझीही पोळी तिनेच वाढलेली आहे. सोनमला तुझ्याकडे कामाला मीच लावलं. "सावलीतलं काम आहे, शेळ्यांमागे उन्हात फिरण्यापेक्षा बरं," असं मीच म्हटलं. हे मी सगळ्यांना सांगते आणि रडून घेते. हे सांगणं सोपं आहे.

तुझा चौथा मुद्दा असा आहे: मागच्या दारासमोर कपड्यांचे गठ्ठे नियम मोडून रचलेले होते आणि ते मृत कामगार सोनम हिने रचले होते. वाक्य स्वच्छ आहे. चूक काढायला जागा नाही.

मायाक्काला हे शेडवरच्या कोणीतरी सांगितलं. परवा ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, "बाई, माज्या सुनेनं दार अडवलं व्हय? अवो, घरात घागर वाटंत ठेवली तर माज्यावर वराडायची ती."

मी म्हटलं, चहा गार होतोय.

इंद्रजीत, जानेवारी आठवतो? बक्षीस देणारे परदेशी पाहुणे यायचे होते. "आत्या, एकदा तुझी नजर फिरव," असं म्हणून तू मला शेडमध्ये नेलंस. मी तीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. पसारा दिसला की माझ्या अंगावर काटा येतो. मधोमध गठ्ठेच गठ्ठे. मी हातातल्या छत्रीने दाखवलं, हे सगळे त्या मागच्या भिंतीला लावा, एकसारखे, कडा जुळवून. सोनम म्हणाली, "बाई, दाराम्होरं नगं की."

आणि मी म्हणाले, "दोन दिवसांचा प्रश्न आहे. हात चालव, तोंड नको."

बायका हसल्या. तूही हसलास. "आत्याच्या हुकमापुढे कोण बोलणार!"

पाहुण्यांना शेड आवडली. फोटो छापून आला. त्यात सोनम गठ्ठ्यांपुढे उभी आहे, पाठीमागे दार दिसत नाही. पाहुणे गेले, गठ्ठे राहिले. नीट दिसत होते ना.

ती सापडली तेव्हा तिने तीन गठ्ठे ओढून बाजूला केलेले होते. एकेक गठ्ठा दोन माणसांनी उचलायचा असतो. चौथ्यामागे दाराची कडी होती.

तू हे सगळं जाणतोस. म्हणूनच निवेदन माझ्याकडे पाठवलंस, नाही का? मी ते वाचून गप्प बसले की आपण दोघंही मोकळे. आईविना वाढलास म्हणून तुझ्या हातून काही फुटलं की मी मांजराचं नाव सांगायची. ती सवय मीच लावली तुला. आग लागल्यापासून तीन आठवडे मीही त्याच सवयीवर जगले.

आज सकाळी मायाक्काला सांगितलं. सगळं, छत्रीसकट. ती कढई घासत होती. नळ बंद केला, हात पदराला पुसले, चपला घातल्या आणि गेली. उरलेली भांडी मी घासली. उद्या ती येईल असं मला वाटत नाही.

निवेदन सोबत परत पाठवते आहे. दोन ठिकाणी स्पेलिंग सुधारलंय. चौथ्या मुद्द्यातलं सोनमचं नाव खोडून तिथे माझं लिहिलंय, पूर्ण नाव, पत्ता आणि सही. तू हसल्याचंही लिहिलंय. निरीक्षकांच्या कचेरीत याची प्रत दुपारी स्वतः देऊन आले, पोच घेतली आहे. तेव्हा हा कागद फाडायचे श्रम घेऊ नकोस.

इकडे यायचं असेल तर आधी मायाक्काच्या दारात जा. मग माझ्याकडे ये, किंवा येऊ नकोस.

दारापुढे गठ्ठे लावायला सांगणारी,
तुझी आत्या
राजाबाई