लगेच, आठवड्याने, कधीच नाही

सोमवार, ३
नोकरीचा पहिला दिवस! खिडकीजवळचं टेबल, न करकरणारी खुर्ची आणि काम तर अगदी मनासारखं. फाइल डिलीट केली की फक्त तिचं नाव जातं. मजकूर ड्राइव्हवर तसाच पडून असतो. ती जागा कायमची कधी पुसायची, हे वापरणाऱ्याला ठरवता यावं म्हणून मी सेटिंग बनवायचं: लगेच, आठवड्याने, कधीच नाही. चाचणीच्या फाइलींना अबक नावं द्यायचा मला कंटाळा. मी घरचीच माणसं घेते: मामा, दादा आणि ठकी, म्हणजे मी.

मंगळवार, ४
मामाला 'लगेच'वर डिलीट केलं. परत आणायला गेले तर कणही उरला नव्हता. काम चोख! दादाला 'आठवड्याने'वर ठेवलं. ती साफसफाई दर शुक्रवारी दुपारी बाराला होते.

बुधवार, ५
फोनवर आईला मामाच्या गुडघ्याचं विचारलं. ती म्हणाली, मला भाऊच नाही. थट्टा वाटली. मग तिच्या लग्नाचा फोटो शोधून काढला. मामाची जागा रिकामी, आणि आईचा हात कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा हवेत.
दादाला फोन केला. तो आहे. पण आज ऑफिसात त्याला कोणी ओळखलंच नाही, म्हणाला.

गुरुवार, ६
दादासाठी 'कधीच नाही' निवडायला गेले, तर पर्यायच गायब! साहेबांनी काढला. म्हणे, लोकांना काय कळतंय? उद्यापासून सगळ्यांना फक्त 'लगेच'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाचं काय पुसायचं हे ठरवणारे हे कोण लागून गेले? तोंडावर विचारलं. मामाचंही सांगितलं. साहेब हसले. सुट्टी घ्या, म्हणाले.

शुक्रवार, ७
११.४० — तुकडा तुकडा जोडून दादाची फाइल परत आणली. त्याला फोन केला. सगळे ओळखतात त्याला! ढसाढसा रडले.

११.५५ — साहेब पाहुणे घेऊन आले. मला खुर्चीतून उठवलं. 'लगेच' दाखवायचंय म्हणे. मी ओरडले, माझ्या फाइलींना हात लावू नका. चाचणीच्याच तर आहेत, साहेब म्हणाले. यादीतली पहिली निवडली. ठकी.

१२.०५ — बाहेरच्या बाकावर. कार्डाने दार उघडत नाही. साहेब समोरून गेले. कोणाला भेटायचंय, विचारलं मला! मेल्याचा गळा धरावासा —

दादाला फोन लावला. उचलला त्याने. कोण बोलतंय, विचारतोय. मला बहीण नाही, म्हणतोय. अरे, मीच तुला परत — मी तुझी —